वाटाण्याएवढी क्रीम

मागच्या वर्षीच्या आपल्या दिवाळी कार्यक्रमात आम्ही सात-आठ जणींनी एक नाटुकलं बसवलं होतं. पडद्यामागच्या खोलीत मेकअप चालू होता. सगळ्याच चाळिशी-पन्नाशीच्या, त्यामुळे गप्पांची गाडी चेहऱ्यावर येऊन थांबली. खाष्ट सासूचं काम करणाऱ्या मैत्रिणीनं नुकतंच कपाळाला इंजेक्शन घेतलं होतं. कपाळ झालं होतं अगदी गुळगुळीत, फक्त तिला आठ्या घालता येईनात! दिग्दर्शिका रडकुंडीला आली. शेवटी सासूबाईंचा सगळा राग हातवाऱ्यांवर भागवावा लागला. घरी निघताना तिघी-चौघींनी मला पार्किंग लॉटमध्ये गाठून एकच विचारलं, "सुई नको बाई. नुसत्या लावायच्या गोष्टींत काही खरं आहे का गं?"

मी डॉक्टर नाही. २००३ साली एम.एस. करायला आले आणि तेव्हापासून कॉम्प्युटरपुढे बसून आहे. पण औषध कंपन्यांच्या क्लिनिकल ट्रायलची सॉफ्टवेअर्स हे माझं पोटापाण्याचं काम, आणि रिक्वायरमेंटच्या कागदांतला शब्द न् शब्द तपासायची सवय हाडीमाशी खिळलेली. तीच सवय क्रीमच्या डब्यांवर चालवली. "सुरकुत्या घालवते" असं साध्या क्रीमवर सहसा लिहिलेलं नसतं. "सुरकुत्यांचं दिसणं कमी करते" असं असतं. हा "दिसणं" शब्द कुठून आला, याचा शोध घेता घेता मी जिथे पोचले, ती जागा आपल्या घरापासून पंधरा-वीस मैलांवर निघाली. ती हकीकत मला या अंकात सांगायची आहे.

सुरुवात बरीच जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन नावाचा ग्रीक वैद्य होता. मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेल्या त्याच्या मलमाला युरोपातले औषधविक्रेते शेकडो वर्षं त्याच्याच नावानं ओळखत. चेहऱ्यावर लावलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि गार वाटतं, म्हणून ती कोल्ड क्रीम. आपल्या आजीची साय आणि हळद तत्त्वानं यापेक्षा वेगळी नाही. तेलकट थरामुळे त्वचेतलं पाणी लवकर उडत नाही. कोरड्या कातडीवर बारीक रेषा उठून दिसतात, ओलावा टिकला की त्या पुसट होतात. सकाळी धुऊन टाकलं की दुपारपर्यंत पुन्हा जैसे थे. हा फायदा खोटा नाही, पण तो तेवढाच आहे, आणि त्यानंतरची सतराशे-अठराशे वर्षं जगानं त्यात फारशी भर घातली नाही. डबे तेवढे देखणे होत गेले.

आमच्या घरी आजीच्या फडताळात अफगाण स्नोचा डबा असे. मुंबईच्या इ. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली बाजारात आणलेला हा स्नो. तेलकट न वाटता त्वचेत "नाहीसा" होणारा हा प्रकार स्टिअरिक आम्लाचा. आईच्या पिढीत पॉण्ड्स आलं. त्याची कुळकथा इथलीच, न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावची, १८४६ सालची. पण सुरुवातीला ती क्रीम नव्हती, तो विच हेझल नावाच्या झुडपाचा अर्क होता. क्रीम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली आणि १९२० च्या दशकात तिच्या जाहिरातीत रुमानियाची राणी मेरी झळकली. त्याच सुमारास हेलेना रुबिनस्टाइनचं नाव अमेरिकेत गाजत होतं. क्राकोव्हहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या या बाईंनी मेलबर्नमध्ये दुकान थाटलं आणि क्रीममध्ये कार्पेथियन डोंगरातल्या वनस्पती असल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात मोठा वाटा होता मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचा, आणि ऑस्ट्रेलियात मेंढ्यांना काय तोटा! धंदा कसा करावा हे मात्र या बाईंकडून शिकावं.

"दिसणं" हा शब्द आला तो १९३८ च्या कायद्यातून. त्याआधी अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांवर केंद्र सरकारचा अंकुश जवळजवळ नव्हताच. लॅश लूअर नावाच्या पापण्यांच्या रंगानं बायकांचे डोळे गेले, तरी तो माल बाजारातून उचलायला कायदा नव्हता. नव्या कायद्यानं एक रेघ आखली. नुसतं स्वच्छ करणारं, सुंदर दिसायला लावणारं ते प्रसाधन. शरीराच्या रचनेत किंवा कार्यात बदल घडवण्यासाठी आहे असं सांगितलं, तर ते औषध, आणि औषध म्हटलं की विकण्याआधी पुरावे द्या! म्हणजे बाटलीत काय आहे इतकंच महत्त्वाचं अजिबात नाही, तुम्ही तोंडानं काय म्हणता यावरही सगळं ठरतं.

यावर १९६० च्या दशकात झालेला एक खटला मला फार आवडतो. "सडन चेंज" नावाचं सुरकुत्यांवरचं लोशन होतं. त्यात गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन. ते चेहऱ्यावर वाळलं की पापुद्रा धरतो, कातडी ताणली जाते आणि काही तास रेषा बुजतात. (आपल्या आयांना हे कळलं असतं तर बाटली अंगणाबाहेर गेली असती.) जाहिरात होती शस्त्रक्रियेविना फेसलिफ्टची. सरकारनं माल जप्त केला. १९६९ साली अपील न्यायालयानं निकाल दिला की असा दावा केलात तर तुमचं लोशन औषध ठरतं. जाहिरात वाचणारी बाई शहाणी आहे असं धरून चालू नये, भोळी, विचार न करणारी, पटकन विश्वास ठेवणारी आहे असं धरावं, असंही न्यायालयानं म्हटलं. वाचून मला आधी राग आला. मग माझ्या बाथरूममधला कप्पा उघडला आणि राग गेला.

तरीही मोह सुटत नाही. १९६७ साली केपटाउनमध्ये पहिलं मानवी हृदयरोपण करणारे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी १९८६ मध्ये "ग्लायसेल" नावाच्या क्रीमला आपलं नाव दिलं. हृदय बदलणारा माणूस म्हणतो तर सुरकुत्या काय चीज आहे! सरकारनं पुरावा मागितला आणि ती क्रीम फार काळ टिकली नाही. पुढे सगळ्या कंपन्यांच्या वकिलांनी भाषा घासूनपुसून घेतली. तेव्हापासून डब्यांवर "दिसणं" आहे.

आता माझं सांगते. शेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या दोन्ही गालांवर वांग उठले. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी आधी रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं आणि मग ट्रेटिनॉइन नावाची क्रीम लिहून दिली, ०.०२५ टक्के. रात्री, वाटाण्याएवढी, पूर्ण चेहऱ्याला मिळून. विमा कंपनीनं माझं वय पाहून डॉक्टरांना उलट विचारलं की हे मुरुमांसाठी की सुरकुत्यांसाठी? मुरुम असतील तर पैसे देऊ, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. तीच ट्यूब, तेच औषध! मी ट्यूबचे पैसे खिशातून भरले आणि चिडून त्या औषधाचा इतिहास वाचायला बसले.

ट्रेटिनॉइन म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनणारं आम्ल. ते पेशीच्या केंद्रकात जाऊन तिथल्या ग्राहकांना चिकटतं आणि कुठले जनुक चालू, कुठले बंद, यात ढवळाढवळ करतं. म्हणजे कायद्याच्या भाषेत रचना आणि कार्य दोन्ही. १९६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियातले प्राध्यापक अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मुरुमांवर चालतं असं प्रसिद्ध केलं. १९७१ मध्ये "रेटिन-ए" या नावानं त्याला परवानगी मिळाली. मग मुरुमांसाठी ते लावणाऱ्या मोठ्या वयाच्या बायका सांगू लागल्या की डॉक्टर, आमची कातडीच मऊ झाली, रेषा कमी झाल्या. १९८६ मध्ये क्लिगमन यांनी उन्हानं म्हाताऱ्या झालेल्या त्वचेवरचे परिणाम छापले. जानेवारी १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठाचा अभ्यास आला. माणसं फक्त ३०, मुदत १६ आठवडे, पण आखणी चोख होती. एका हाताला औषध, दुसऱ्या हाताला औषध नसलेली तशीच क्रीम, आणि कुठल्या हाताला काय हे ना रुग्णाला ठाऊक ना तपासणाऱ्याला. औषधाच्या हातावर तिसांपैकी तिसांमध्ये सुधारणा दिसली. जवळजवळ सगळ्यांची कातडी लाल होऊन सोललीही, हे त्याच लेखात लिहिलं आहे, पण वर्तमानपत्रांनी ते बारीक टाइपात घातलं. दुकानांतून ट्यूबा संपल्या.

गंमत अशी की तेव्हा परवानगी फक्त मुरुमांसाठी होती. सुरकुत्यांसाठी जाहिरात केली का, याची सरकारनं चौकशी सुरू केल्यावर ऑर्थो या कंपनीत कागदपत्रं फाडली गेली. १९९५ मध्ये कंपनीनं न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि दंड व भरपाई मिळून ७५ लाख डॉलर भरले. त्याच वर्षाच्या शेवटी "रेनोव्हा" या नावानं सुरकुत्यांसाठी रीतसर परवानगी मिळाली. तिच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं की ही क्रीम सुरकुत्या नाहीशा करत नाही आणि उन्हानं झालेलं नुकसान भरून काढत नाही. बारीक रेषा, डाग आणि खरखरीतपणा थोडा कमी होतो, इतकंच. प्रसाधनांच्या जाहिरातींतली उधळण पाहिल्यावर खऱ्या औषधाची ही कंजूस भाषा वाचून मला हायसं वाटलं.

इथवर मी खुशीत होते. मग प्रश्न पडला, तो माझ्या धंद्यातला. १९८८ च्या तीस माणसांआधी, १९७१ च्या परवानगीआधी, हे आम्ल पहिल्यांदा कोणाच्या कातडीला लावलं?

आपल्यापैकी बक्स काउंटीत राहणारे रोज आय-९५ नं सेंटर सिटीला जातात. वाटेत ईशान्य फिलाडेल्फियात, हायवेपासून थोड्याच अंतरावर, टॉरेस्डेल अव्हेन्यूला एक जुनी दगडी भिंत आहे. होम्सबर्गचा तुरुंग. १८९६ साली उघडलेला. मधोमध एक घुमट आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या दहा लांब बराकी. १९९५ मध्ये तो बंद झाला. मी त्या बाजूनं शेकडो वेळा गेले असेन, कधी कॉन्फरन्स कॉलवर, कधी गाणी ऐकत.

१९५१ मध्ये कैद्यांच्या पायांना नायट्यासारखा संसर्ग झाला म्हणून क्लिगमन यांना तिथे बोलावलं गेलं. आत शिरल्यावर त्यांना काय दिसलं, ते त्यांनीच १९६६ मध्ये एका वार्ताहराला सांगितलं होतं. त्यांना एकरच्या एकर कातडी दिसली, आणि सुपीक शेत पहिल्यांदा पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखं वाटलं. पुढे १९७४ पर्यंत, तेवीस वर्षं, हे शेत कसलं गेलं. पाठीवर चौकोन आखून त्यात औषधं, साबण, दुर्गंधीनाशकं, रसायनं लावली जात. काही चौकोनांवर दिवा रोखून भाजलं जाई, काहींतून कातडीचे तुकडे काढले जात. कंपन्या आणि सैन्य पैसे देत. डाऊ केमिकलसाठी डायॉक्सिन हे विष कैद्यांच्या कातडीला लावलं गेलं आणि काही जणांवर कंपनीनं सांगितलेल्या मात्रेच्या ४६८ पट. मी हा आकडा तीन वेळा तपासला, टायपिंगची चूक असावी म्हणून.

रेटिन-ए वरचं सुरुवातीचं कामही याच बराकींतलं. योग्य प्रमाण सापडेपर्यंत मात्रा इतकी जबर होती की कातडी भाजल्यासारखी होई. क्लिगमन यांनी स्वतः नंतर हे लपवलं नाही. माझ्या ट्यूबवरचा ०.०२५ हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही.

कैदी स्वेच्छेनं येत, असं समर्थन तेव्हा होतं आणि आजही ऐकू येतं. तुरुंगातल्या कामाला दिवसाकाठी काही सेंट मिळत, प्रयोगाला त्याच्या कितीतरी पट डॉलर. आणि होम्सबर्गमध्ये शिक्षा झालेलेच नव्हे, तर खटल्याची वाट पाहणारेही होते, ज्यांच्याकडे जामिनाचे पैसे नव्हते. बहुसंख्य कृष्णवर्णीय, पुष्कळांना वाचता येत नव्हतं. कागदावर सही होत असे, पण पाठीला काय लावतोय हे त्यांना सांगितलं जात नसे. एवढ्यासाठी १९४७ मध्ये न्यूरेम्बर्गच्या न्यायालयानं मानवी प्रयोगांची नियमावली घालून दिली होती आणि तिचं पहिलंच कलम संमतीचं होतं.

माझं काम म्हणजे ट्रायलच्या डेटाबेसमध्ये तपासण्या लिहिणं. नवशिक्यालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात ती तपासणी अशी, की संमतीपत्राची तारीख औषधाच्या पहिल्या मात्रेच्या आधीची हवी, नसेल तर सिस्टीम लाल खूण दाखवते आणि कोणीतरी फोन उचलतं. मी ही ओळ किमान चाळीस ट्रायलसाठी लिहिली असेल, कंटाळत, चहा पीत. अशा ओळी लिहायची सक्ती का झाली, हे मला होम्सबर्ग वाचेपर्यंत माहीत नव्हतं. टस्कगीच्या प्रकरणानंतर १९७४ मध्ये केंद्रीय कायदा आला, १९७८ मध्ये कैद्यांवरच्या संशोधनाला वेगळे कडक नियम लागले. होम्सबर्गमधल्या प्रयोगांच्या बहुतेक नोंदी उरल्या नाहीत. सुमारे ३०० माजी कैद्यांनी २००० साली दावा लावला. मुदत उलटून गेली म्हणून तो फेटाळला गेला.

क्लिगमन २०१० मध्ये ९३ व्या वर्षी वारले, मानसन्मानांसह. विद्यापीठानं २०२१ मध्ये माफी मागितली आणि त्यांच्या नावाची व्याख्यानमाला बंद केली. फिलाडेल्फिया शहरानं ऑक्टोबर २०२२ मध्ये माफी मागितली. ज्यांची मागायची, त्यांतले किती तोवर हयात होते!

या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या घरांत येतो. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी काळे डाग घालवायला तीन औषधांचं मिश्रण सुचवलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. डॉक्टरच्या नजरेखाली, मोजके आठवडे, वांगांवर ते आजही उपयोगी आहे. पण त्याच जातीच्या क्रीम भारतात वर्षानुवर्षं कुठल्याही केमिस्टकडे मागितल्या की मिळत, आणि लोक त्या "गोरेपणाची क्रीम" म्हणून रोज फासत. पहिले दोन महिने चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल रेषा उमटतात, मुरुम आणि लव येते, आणि सोडली की आग होते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना या चेहऱ्याला वेगळं नावच द्यावं लागलं. २०१८ मध्ये सरकारनं अशा स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. माझी मामेबहीण पुण्यात तीन वर्षं अशी क्रीम लावत होती, लग्न ठरेपर्यंत आणि नंतरही. सुट्टीत गेले तेव्हा ती दुपारी पडदे ओढून बसलेली होती, उन्हाच्या तिरिपेनंही गाल पेटायचे. सुटकेसमधून तिकडची स्वस्त ट्यूब आणणाऱ्या मैत्रिणींनो, घटकद्रव्यांत "सोन" किंवा "सोल" नं संपणारं नाव दिसलं तर आधी डॉक्टरांना विचारा.

पार्किंग लॉटमधल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंच. लावायच्या गोष्टींत खरं आहे, पण थोडं आहे. सर्वांत भक्कम पुरावा सनस्क्रीनचा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये ९०० हून अधिक जणांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला. रोज लावणाऱ्यांची कातडी अधूनमधून लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. आपल्या सावळ्या कातडीला रेषा उशिरा पडतात, डाग मात्र लवकर, तेव्हा आपल्याला ऊन चालतं हा समज सोडावा. दुसरं ट्रेटिनॉइन. दुकानात मिळणारं रेटिनॉल हे त्याचं सौम्य भावंड, शरीरात दोन पायऱ्या चढून तेच बनतं, म्हणून मंद. गरोदरपणात ही दोन्ही नकोत. आणि घाई केली तर आपल्या रंगाच्या त्वचेवर जळजळीचेच काळे डाग राहतात, म्हणून आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरुवात. तिसरी फळांची आणि दह्यातली आम्लं. व्हॅन स्कॉट आणि यू यांनी १९७४ मध्ये, तेही याच फिलाडेल्फियात, खवल्यांसारख्या कातडीच्या रोगावर ती वापरून दाखवली. त्यांनी ऊन जास्त लागतं, तेव्हा पुन्हा सनस्क्रीन. बाकी मोत्यांचा चुरा, सोन्याचा वर्ख, समुद्राचा गाळ यांवर पैसे घालवायचे तर हौसेखातर घालवा. माझ्याकडेही सोन्याच्या वर्खाचा एक डबा आहे, डबाच सुंदर आहे.

हे सगळं मी गेल्या महिन्यात तालमीच्या वेळी मैत्रिणींना सांगितलं. सासूबाईंच्या कपाळावरचा इंजेक्शनचा असर उतरला आहे आणि यंदा त्यांना झकास आठ्या पडतात. होम्सबर्गचं सांगून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकीनं हळूच विचारलं, "आणि हे सगळं कळूनही तू ती लावतेस?"

"लावते," मी म्हटलं. "रात्री. वाटाण्याएवढी."